प्रोस्टेटच्या कर्करोगाबरोबरची लांब वर्षे

तपासणीचा दिवस जवळ आला की प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या रुग्णाचे आणि त्याच्या घरच्यांचे सारे लक्ष एका आकड्याकडे लागते. रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन, किती आला? तो कमी आला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो, डॉक्टर पुढची तारीख देतात आणि भेट काही मिनिटांत आटोपते. त्या माणसाला रात्री चार वेळा उठावे लागते, खोकला आला की लघवीचे थेंब गळतात, जिना चढताना मांड्या भरून येतात, गेले वर्षभर तो पत्नीच्या जवळ जाणे टाळतो आहे, यातले काहीच त्या भेटीत कुणी विचारत नाही आणि तोही सांगत नाही. जीव वाचला असताना अशा तक्रारी मांडणे त्याला कृतघ्नपणाचे वाटते. हा लेख त्याच समजुतीबद्दल आहे. पीएसए ज्या नेमाने मोजला जातो त्याच नेमाने हे त्रासही विचारले आणि नोंदवले गेले पाहिजेत, कारण या आजारात माणूस बहुधा पुष्कळ वर्षे जगतो आणि ती वर्षे त्याला उपचारांनी बदललेल्या शरीरातच काढायची असतात. शिवाय यांतल्या बहुतेक त्रासांवर काही ना काही उपाय आहे, आणि न सांगितलेल्या त्रासावर तो होत नाही.

पुष्कळ वर्षे म्हणजे किती, याचे एक चांगले उत्तर ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ नावाच्या चाचणीतून मिळाले. १९९९ ते २००९ या काळात, ५० ते ६९ वर्षे वयाच्या आणि कर्करोग प्रोस्टेटच्या परिसरापुरताच मर्यादित असलेल्या १,६४३ पुरुषांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागण्यात आले. एका गटावर नुसते लक्ष ठेवले, दुसऱ्या गटाची शस्त्रक्रिया केली आणि तिसऱ्याला किरणोपचार दिले. साधारण १५ वर्षांच्या पाठपुराव्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर एकूण ३५६ जणांचा मृत्यू झाला होता; त्यांपैकी प्रोस्टेटच्या कर्करोगाने गेलेले होते ४५, म्हणजे मूळ संख्येच्या २.७ टक्के, आणि तिन्ही गटांत हे प्रमाण जवळपास सारखे होते. लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण मात्र ९.४ टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या जवळजवळ दुप्पट होते. हे आकडे लवकर सापडलेल्या आजाराचे आहेत, हे विसरता कामा नये. ज्यांचा आजार निदानाच्या वेळीच हाडांपर्यंत पोचलेला असतो त्यांची वाट अधिक खडतर असते. पण नव्या औषधांमुळे त्यांच्याही हाती पूर्वीपेक्षा अधिक वर्षे येऊ लागली आहेत.

हा आजार सहसा इतका सावकाश का चालतो, हे समजण्यासाठी प्रोस्टेटची थोडी ओळख हवी. मूत्राशयाच्या अगदी खाली, लघवीच्या नळीला कड्यासारखी वेढून बसलेली ही अक्रोडाएवढी ग्रंथी वीर्याचा काही भाग तयार करते. तिच्या मागे लगेच गुदाशय असतो, खाली लघवी रोखणारा स्नायू असतो आणि दोन्ही अंगांनी लिंगाच्या ताठरतेचे नियंत्रण करणाऱ्या बारीक नसांचे जुडगे गेलेले असतात. लघवी, शौच आणि कामजीवन या तिन्ही गोष्टींच्या मधोमध ही ग्रंथी बसलेली असल्यामुळे तिच्यावर केलेल्या कोणत्याही उपचाराचा धक्का शेजाऱ्यांना बसतोच. दुष्परिणामांची अर्धी कहाणी या भूगोलातच आहे. उरलेली अर्धी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची आहे. प्रोस्टेटच्या पेशी, निरोगी असोत वा बिघडलेल्या, त्याच्यावर वाढतात.

बिघडलेल्या पेशींची जात किती आक्रमक आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवले जाते. अमेरिकेतले डॉ. डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६० च्या दशकात मांडलेली गुणपद्धत आजही वापरात आहे. व्यवहारात ६ हा सर्वांत सौम्य आणि १० हा सर्वांत आक्रमक गुण. ग्लीसन ६ असलेला आजार इतर अवयवांत पसरणे फारच दुर्मीळ असल्यामुळे अशा रुग्णांना आता बहुधा लगेच उपचार न करता ठरावीक अंतराने पीएसए, एमआरआय आणि गरज पडल्यास पुन्हा बायोप्सी करून देखरेखीखाली ठेवतात. याला ‘काहीच न करणे’ समजून पुष्कळ कुटुंबे अस्वस्थ होतात. तो एक विचारपूर्वक निवडलेला मार्ग आहे, आणि त्याचाही एक दुष्परिणाम आहे: प्रत्येक अहवालाआधी पोटात पडणारा गोळा. तो काहींना पेलवतो, काहींना नाही. ज्याला तो पेलवत नाही त्याने तसे डॉक्टरांना सांगावे. उपचाराचा निर्णय घेताना ही गोष्टही विचारात घेण्याजोगी आहे.

शस्त्रक्रियेनंतरची लघवी

शस्त्रक्रियेत संपूर्ण प्रोस्टेट काढून मूत्राशय आणि लघवीची नळी पुन्हा जोडतात. प्रोस्टेटबरोबर लघवी धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचा वरचा भाग जातो आणि सारा भार खालच्या स्नायूवर येतो. त्यामुळे कॅथेटर (लघवी बाहेर काढण्यासाठी तात्पुरती घातलेली नळी) काढल्यावर सुरुवातीला लघवी गळणे हे जवळजवळ ठरलेलेच असते. बहुतेकांची गळती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत बरीच कमी होते आणि सुधारणा वर्षभर चालू राहते. परंतु काहींची कायमची उरते. प्रोटेक्ट चाचणीत सहा वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १७ टक्के पुरुष पॅड वापरत होते, तर किरणोपचार घेतलेल्यांपैकी ४ टक्के.

माझ्या परिचयातले एक निवृत्त शिक्षक शस्त्रक्रियेनंतर छोटी वही ठेवत. दिवसाचे दोन दोन तासांचे रकाने पाडून त्यांत ते ‘कोरडे’ किंवा ‘ओले’ एवढेच लिहीत. दोन आठवड्यांनी त्यांच्या लक्षात आले की सकाळी कोरडेपणा आणि दुपारी चारनंतर ओलेपणा हा क्रम रोजचाच आहे. असे होण्याचे कारण साधे आहे: दिवसभर ताण सोसून तो एकटा पडलेला स्नायू संध्याकाळपर्यंत थकतो. त्या वहीमुळे त्यांना मोठी कामे सकाळी उरकता येऊ लागली, आणि फिजिओथेरपिस्टलाही नेमके कुठे कमी पडते आहे ते कळले. ‘गळते’ एवढेच सांगण्यापेक्षा ‘चारनंतर गळते, खुर्चीतून उठताना सर्वाधिक’ असे सांगणे कितीतरी उपयोगाचे असते.

हा स्नायू बळकट करता येतो. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये बाळंतिणींसाठी सांगितलेला व्यायाम पुरुषांनाही लागू पडतो, पण पुष्कळजण तो चुकीचा करतात, म्हणून जरा तपशिलात सांगतो. खुर्चीत सैल बसावे. चारचौघांत वायू रोखावा तसे गुदद्वार आवळावे आणि त्याच वेळी लघवीची धार मधेच तोडल्याची कल्पना करावी. आरशासमोर केले तर लिंगाचे मूळ किंचित आत ओढले जाताना आणि वृषण जरासे वर उचलले जाताना दिसतात. ते दिसले म्हणजे योग्य स्नायू सापडला. पोट, मांड्या आणि नितंब आवळले जात असतील किंवा श्वास रोखला जात असेल तर भलतेच स्नायू काम करीत आहेत असे समजावे. पाच ते दहा अंक मोजेपर्यंत धरावे, तेवढाच वेळ सैल सोडावे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. प्रत्यक्ष लघवी करताना धार तोडण्याचा सराव मात्र रोज करू नये. याहून महत्त्वाची युक्ती वेळेची आहे: खोकण्याआधी, शिंकण्याआधी, ओझे उचलण्याआधी आणि खुर्चीतून उठण्याआधी अर्धा क्षण तो स्नायू आवळायचा. काही आठवड्यांनी शरीर हे आपसूक करू लागते. शस्त्रक्रियेची तारीख ठरली की त्याआधीच हा व्यायाम शिकून घेतलेला अधिक चांगला.

गळती होऊ नये म्हणून पाणी तोडणे ही फार सरसकट केली जाणारी चूक आहे. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चेतवते आणि घाई वाढते. वर्ष उलटूनही त्रास टिकला तर नळीला खालून आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवता येते. झडपेत नळीभोवती पाण्याने भरलेले एक कडे असते आणि अंडकोशाच्या पिशवीत एक छोटा पंप. लघवीला जाताना तो दाबला की कडे सैल होते आणि काही मिनिटांत आपोआप पुन्हा आवळते. हा उपाय १९७० च्या दशकापासून उपलब्ध आहे, तरी वर्षानुवर्षे पॅडवर काढणाऱ्या अनेकांनी त्याचे नावही ऐकलेले नसते. याची मला खरोखर खंत वाटते.

ज्याविषयी घरातही बोलले जात नाही

ताठरतेच्या नसा नेमक्या कुठून जातात हे १९८० च्या दशकापर्यंत शल्यविशारदांना नीट ठाऊक नव्हते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पॅट्रिक वॉल्श आणि नेदरलँड्समधल्या लायडनचे डॉ. पीटर डोंकर यांनी त्यांचा मार्ग शोधला आणि १९८२ मध्ये वॉल्श यांनी त्या वाचवून शस्त्रक्रिया केली. मात्र नस वाचली म्हणजे ती लगेच काम करू लागते असे नाही. ओढाताण आणि हाताळणी यांनी ती बधिर होते आणि पूर्ववत व्हायला दोन वर्षेही लागू शकतात. वय, मधुमेह, शस्त्रक्रियेपूर्वीची स्थिती आणि एका बाजूच्या नसा वाचल्या की दोन्ही, यांवर पुढचे अवलंबून असते. किरणोपचारांत क्रम उलटा असतो: सुरुवातीला फारसा फरक जाणवत नाही आणि मग काही वर्षांत शक्ती हळूहळू ओसरते. त्यामुळे उपचारानंतर सहा महिन्यांनी केलेली तुलना फसवी ठरते.

आणखीही काही बदल होतात, जे आधी कुणी सांगितले नसतील तर माणूस हादरतो. शस्त्रक्रियेनंतर वीर्य येत नाही, परंतु कामतृप्तीची जाणीव टिकू शकते, कारण ती जाणीव वाहणाऱ्या नसा वेगळ्या आहेत. काहींना त्या क्षणी थोडी लघवी गळते; आधी मूत्राशय रिकामे करणे हा त्यावरचा साधा उपाय. लिंगाची लांबी थोडी कमी झाल्यासारखी वाटू शकते. उपायांत १९९८ पासून उपलब्ध असलेले सिल्डेनाफिल आणि त्याच्या कुळातली औषधे, हवेच्या दाबावर चालणारा पंप, स्वतः टोचून घेण्याचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसवायचे रोपण असा चढता क्रम आहे. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याने मात्र सिल्डेनाफिलच्या वाटेला जाऊ नये. दोन्ही एकत्र आली तर रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो. म्हणूनच ही औषधे कुणाच्या सांगण्यावरून परस्पर घेणे धोक्याचे आहे.

या सगळ्यांत औषधापेक्षा अवघड जाते ते बोलणे. पती गप्प राहतो कारण त्याला कमीपणा वाटतो. पत्नी गप्प राहते कारण विषय काढला तर त्याला लागेल असे तिला वाटते. आणि दोघांनाही समोरच्याची शांतता म्हणजे दुरावा वाटू लागतो. ताठरता नसली तरी जवळीक असू शकते, हात हातात घेणे, कुशीत निजणे यांना काही अटी नसतात, हे एकदा मोकळेपणाने ठरले की पुष्कळ ताण सैल पडतो. डॉक्टरांच्या भेटीला दोघांनी मिळून जाणे हा त्याचा चांगला आरंभ आहे.

किरणांचे उशिरा उमटणारे परिणाम

किरणोपचार चालू असताना होणारी लघवीची जळजळ आणि वारंवार लागणारी शौचाची घाई बहुधा काही आठवड्यांत शमते. खरी नोंद ठेवावी लागते ती नंतरच्या वर्षांची. किरणांनी मूत्राशयाच्या आणि गुदाशयाच्या अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या दुबळ्या होतात, आणि उपचारानंतर महिन्यांनी किंवा कित्येक वर्षांनी शौचावाटे वा लघवीवाटे रक्त दिसू शकते. ते बहुतेक वेळा या जुन्या इजेचेच असते, पण तसे गृहीत धरून बसणे योग्य नाही, कारण क्वचित त्यामागे दुसरा आजार असतो आणि किरण घेतलेल्यांत मूत्राशयाच्या व गुदाशयाच्या कर्करोगाची शक्यता अल्प प्रमाणात वाढलेली असते. तपासणी करून घ्यावी. मात्र दुर्बिणीने आतडे तपासणाऱ्या डॉक्टरांना किरणोपचारांची आठवण आवर्जून करून द्यावी. गुदाशयाच्या पुढच्या भिंतीतला किरणांनी दुखावलेला तुकडा बायोप्सीसाठी काढला तर ती जखम भरून न येता तिथे भोक पडण्याचा धोका असतो. दहा वर्षांपूर्वी ‘लाइट घेतले’ ही गोष्ट माणूस विसरून जातो. नव्या डॉक्टरांना ती माहीत असण्याचे काही कारण नसते.

आकडा वर चढू लागला तर

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी तयार केलेले प्रथिन आहे. ग्रंथी पूर्ण काढली असेल तर काही आठवड्यांत ते रक्तात जवळजवळ सापडेनासे व्हायला हवे, पुढे मिलिलिटरमागे ०.२ नॅनोग्रॅम किंवा त्याहून अधिक पातळी दोनदा आढळली तर आजार परतल्याचे धरले जाते. किरणोपचारांत ग्रंथी जागेवरच असल्यामुळे हिशेब वेगळा आहे: उपचारानंतर गाठलेल्या नीचांकापेक्षा पूर्ण २ नॅनोग्रॅमने वाढ झाली तर ती गंभीर मानतात. त्याआधी, विशेषतः पहिल्या दोन-तीन वर्षांत, आकडा थोडा उसळून पुन्हा आपोआप खाली येऊ शकतो. शस्त्रक्रिया झालेल्या एकाने आणि किरणे घेतलेल्या दुसऱ्याने आपापले आकडे समोरासमोर ठेवून तुलना करणे म्हणजे दोघांनीही विनाकारण झोप घालवणे. प्रयोगशाळेगणिकही थोडा फरक पडतो, म्हणून शक्यतो एकाच ठिकाणी तपासणी करावी.

आकडा वाढला म्हणजे घड्याळ धावू लागले असे समजणाऱ्यांसाठी एक जुना पण मोलाचा अभ्यास सांगतो. जॉन्स हॉपकिन्समध्ये शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे २,००० पुरुषांचा पाठपुरावा करून १९९९ मध्ये काढलेल्या निष्कर्षांत, पीएसए पुन्हा वाढू लागलेल्या ३०४ जणांना आजार अन्यत्र दिसेपर्यंत कोणतेही संप्रेरक उपचार दिलेले नव्हते. तरीही आकडा वाढू लागल्यापासून आजार इतरत्र दिसेपर्यंतचा मध्यम काळ आठ वर्षांचा निघाला. ज्यांचा आकडा झपाट्याने वाढतो त्यांच्यात हा काळ पुष्कळ कमी असतो, म्हणून डॉक्टर एका आकड्यापेक्षा तो दुप्पट व्हायला किती महिने लागतात हे पाहतात. तीन महिन्यांत दुप्पट होणे आणि दोन वर्षांत दुप्पट होणे हे जवळजवळ दोन वेगळे आजार आहेत, आणि त्यांवरचा निर्णयही वेगळा असायला हवा.

संप्रेरके रोखल्यावर शरीराचे काय होते

शिकागोचे डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की वृषणे काढली, म्हणजेच टेस्टोस्टेरॉन बंद केले, तर पसरलेला प्रोस्टेटचा कर्करोगही मागे हटतो. या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आज बहुतेकांना तोच परिणाम इंजेक्शनाने साधून दिला जातो. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना जो संदेश पाठवते, तो सततच्या कृत्रिम इशाऱ्याने थकवून बंद पाडायचा, अशी ही युक्ती. बंद पडण्यापूर्वी पहिले एक-दोन आठवडे टेस्टोस्टेरॉन उलट वाढते, म्हणून सुरुवातीला सोबत गोळ्या देतात. नवी काही औषधे हा संदेश थेट अडवतात आणि त्यांत ही उसळी येत नाही. धोका जास्त असलेल्या आजारात हा उपचार किरणांसोबत दीड ते तीन वर्षे चालतो. पसरलेल्या आजारात बहुधा आयुष्यभर.

टेस्टोस्टेरॉन केवळ कामेच्छेचे संप्रेरक आहे असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात हाडे, स्नायू, रक्त, चरबीची वाटणी, झोप आणि मनःस्थिती या सगळ्यांना त्याचा टेकू असतो, आणि तो एकदम काढून घेतला की पुरुषाला काही आठवड्यांत अशा अवस्थेतून जावे लागते की जिच्याशी मिळतीजुळती अवस्था स्त्रिया रजोनिवृत्तीत अनुभवतात. अचानक छातीपासून डोक्यापर्यंत गरम लाट चढते, चेहरा लाल होतो, घामाच्या धारा लागतात आणि मग हुडहुडी भरते. दहांपैकी सात-आठ जणांना हे होते. रात्री बनियन दोनदा बदलावे लागणे, ओली चादर, पलीकडे जागी झालेली पत्नी, हे चित्र अनेक घरांत नेहमीचे आहे. एकावर एक पातळ कपडे घालणे, उशाशी पंखा ठेवणे, गरम पेये आणि मद्य टाळणे यांनी थोडा आराम पडतो; तेवढ्याने न भागल्यास मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन किंवा व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधे आहेत. ती मागून घ्यावीत. लाटांचा त्रास म्हणजे इंजेक्शन लागू पडल्याची खूण, असे म्हणून रुग्णाची बोळवण करणे मला पटत नाही.

हाडांचे नुकसान दिसत नाही, म्हणून त्याकडे अधिक लक्ष हवे. झीज पहिल्या वर्षात सर्वांत वेगाने होते. उपचार सुरू करतानाच हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून ठेवली तर पुढच्या झिजेचे मोजमाप करायला काही आधार राहतो. ती न करता दोन वर्षांनी खुब्याचे हाड मोडल्यावर जागे होणे ही टाळता येण्याजोगी गोष्ट आहे. पुरेसे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व, धूम्रपान बंद, आणि गरज असल्यास झोलेड्रॉनिक आम्ल वा डेनोसुमॅब ही औषधे असा उपचार असतो. या दोन्ही औषधांपूर्वी दातांची तपासणी आणि दात काढण्याची कामे उरकून घ्यावीत, कारण ती चालू असताना दात काढल्यास जबड्याचे हाड भरून न येण्याचा धोका असतो. डेनोसुमॅब मधेच स्वतःच्या मनाने थांबवल्यास हाडांची झीज उसळून मणक्यांना तडे जाऊ शकतात, हेही माहीत असावे.

स्नायू घटतात आणि त्यांची जागा चरबी घेते. वजनकाट्यावर फारसा फरक दिसला नाही तरी पट्ट्याचे भोक बदलते आणि खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो. रक्तातली साखर आणि हृदयविकाराचा धोका वाढू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये या इंजेक्शनांच्या माहितीपत्रकांत तशी सूचना घालायला लावली. त्यामुळे संप्रेरक उपचार घेणाऱ्याचा रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासणे हे कर्करोगाच्या उपचाराचाच भाग मानले पाहिजे. कर्करोगाच्या डॉक्टरांना वाटते ते नेहमीचे डॉक्टर पाहतील, नेहमीच्या डॉक्टरांना वाटते ते तिकडे पाहिले जात असेल, आणि या दोन वाटण्यांच्या फटीत वर्षे निघून जातात.

या साऱ्यांवर एकाच वेळी काम करणारे, आणि चाचण्यांत पुन्हा पुन्हा खरे उतरलेले साधन म्हणजे व्यायाम. चालणे चांगलेच, पण एकटे चालणे पुरत नाही. स्नायूंना ओझे मिळाले पाहिजे. आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने किंवा ताणाचे रबरी पट्टे यांनी पाय, पाठ, छाती आणि खांद्यांचा व्यायाम, आणि बाकीचे दिवस दम लागेल इतके चालणे, असा क्रम ठेवला तर ताकद टिकते आणि थकवा कमी होतो. थकलेल्या माणसाला व्यायाम सांगणे क्रूर वाटते खरे, पण या थकव्याचा स्वभावच असा आहे की तो विश्रांतीने वाढतो. हाडांत आजार असेल तर कोणत्या भागावर भार द्यायचा नाही हे आधी विचारून घ्यावे.

मनावरचा परिणाम आधी घरच्यांच्या लक्षात येतो. चिडचिड, विनाकारण डोळे भरून येणे, नाव न आठवणे, कशातच रस न वाटणे ही त्या माणसाची कमजोरी नसते. त्याच्या रक्तातून एक संप्रेरक गेलेले असते आणि शिवाय त्याला कर्करोग आहे. हे घरात सर्वांना ठाऊक असले की त्याच्या वागण्याचा अर्थ वेगळा लागतो. नैराश्य दोन आठवड्यांपेक्षा अधिक टिकले तर त्यावर वेगळा उपचार घ्यावा. काही रुग्णांत आजार आटोक्यात आल्यावर इंजेक्शने काही काळ थांबवून, पीएसए ठरावीक पातळीला पोचल्यावर पुन्हा सुरू करता येतात. सगळ्यांना हे योग्य नसते, पण आपल्याला चालेल का हा प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. इंजेक्शने थांबल्यावर टेस्टोस्टेरॉन परतायला कित्येक महिने लागतात आणि वय जास्त असेल तर ते पूर्णपणे परतत नाही, हेही त्या निर्णयाआधी माहीत हवे.

कालांतराने काहींचा आजार टेस्टोस्टेरॉन खालच्या पातळीवर असूनही वाढू लागतो. त्यासाठी २००४ पासून डोसिटॅक्सेल, २०११ पासून अबिराटेरोन आणि २०१२ पासून एन्झालुटामाइड अशी औषधे येत गेली, आणि त्यांतली काही आता पसरलेल्या आजारात सुरुवातीपासूनच दिली जातात. अबिराटेरोनसोबत रक्तदाब आणि पोटॅशियम पाहावे लागते. एन्झालुटामाइडने थकवा येतो आणि वयस्कर माणूस पडण्याची शक्यता वाढते, म्हणून घरातली निसरडी जागा, सैल पायपुसणे आणि रात्रीचा अंधार यांचा बंदोबस्त करावा.

एक गोष्ट मात्र पुढच्या भेटीपर्यंत थांबू शकत नाही. हाडांत आजार असलेल्या माणसाला पाठीत नवे, वाढत जाणारे दुखणे सुरू झाले, पाय जड किंवा बधिर वाटू लागले, किंवा लघवी-शौचावरचा ताबा एकाएकी गेला, तर मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी त्याच दिवशी, काही तासांत रुग्णालय गाठावे लागते. वेळेवर उपचार मिळालेला माणूस चालत राहतो, उशीर झालेल्याचे पाय परत येतीलच असे सांगता येत नाही.

पसरलेला किंवा आक्रमक आजार असणाऱ्यांनी जनुकीय तपासणीविषयीही विचारावे. बीआरसीए२ या जनुकातला दोष आढळला तर काही विशिष्ट औषधे उपयोगी पडू शकतात, आणि तो दोष मुलाइतकाच मुलीकडेही गेलेला असू शकतो. तिच्यासाठी त्याचा अर्थ स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगाचा वाढलेला धोका असा होतो. ‘पुरुषांचा आजार’ म्हणून मुलींपासून ही माहिती लपवणारी घरे आहेत, आणि नकळत त्यांचे नुकसान होते.

राहता राहिली कागदाची गोष्ट. निदानाचे वर्ष, ग्लीसन गुण, झालेली शस्त्रक्रिया, किरण कोणत्या भागाला दिले, इंजेक्शनाचे नाव व पुढची तारीख, पीएसएचे सारे आकडे तारखांसह, आणि चालू औषधे, हे सर्व एका कागदावर लिहून त्याची एक प्रत पाकिटात आणि दुसरी घरच्यांकडे ठेवावी. मागच्या बाजूला पुढच्या भेटीत विचारायचे त्रास लिहावेत, सर्वांत संकोचाचा सर्वांत वर, कारण तो शेवटी ठेवला की वेळ संपलेला असतो. ज्याला कृत्रिम झडप बसवलेली आहे त्याने ती ओळ ठळक अक्षरांत लिहावी. कधी दुसऱ्याच कारणाने, कदाचित शुद्ध नसताना, त्याला रुग्णालयात नेले तर तिथे लघवीसाठी नळी घालण्याचा प्रयत्न होणारच, आणि झडपेचे कडे आधी सैल करून तसेच न ठेवता ती जोराने सारली तर लघवीची नळी फाटू शकते.